शून्य, रिकामं आणि एकत्रित : हवामानाचं महिनाअखेरचं रजिस्टर भरताना

देशातल्या सगळ्याच वेधशाळांत हवामान खात्याचे पूर्णवेळ कर्मचारी नसतात. कितीतरी ठिकाणी हवामानाच्या रोजच्या नोंदींचं काम अर्धवेळ निरीक्षक करतात. कुठे शाळेतले गुरुजी, कुठे पोस्टातला माणूस, कुठे माझ्यासारखी कॉलेजातली लॅब असिस्टंट. मानधन मिळतं, त्याचा आकडा सांगून लेखाची शोभा घालवत नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, घाट संपून माळ सुरू होतो त्या पट्ट्यात. माझ्याआधी हे काम नाना करायचे. निवृत्त होताना त्यांनी प्राचार्यांना परस्पर माझं नाव सांगून टाकलं आणि मग मला येऊन म्हणाले, "अगं, दिवसातून दोनदा दहा मिनिटं. बाकी काही नाही." दहा मिनिटांचं खरं निघालं. 'बाकी काही नाही' म्हणजे काय, ते पहिला महिना संपल्यावर कळलं. रोजचं वाचन कुणीही थोड्या सरावाने शिकतं. महिन्याचं रजिस्टर जुळवून, तपासून पुण्याला हवामान खात्याकडे पाठवणं आणि तिथून आलेल्या शंकांना उत्तरं देणं, यातच खरा घाम निघतो.

आधी रोजचं थोडक्यात. वाचनाच्या वेळा दोन, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे तीन आणि साडेपाच म्हणजे बारा. जगभरच्या केंद्रांचं वाचन एकाच क्षणाचं असावं म्हणून या वेळा. गावातली लाईट जावो, घरी पाहुणे येवोत, घड्याळ तेच. मैदानातल्या कुंपणात पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी आहे, स्टीव्हन्सन स्क्रीन. तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर ऊन थेट आत पडत नाही. आत चार थर्मामीटर : ड्राय बल्ब (साधा, हवेचं तापमान दाखवणारा) आणि वेट बल्ब (फुग्यावर ओली मलमल गुंडाळलेला) उभे, कमाल आणि किमान आडवे. दार उघडल्यावर आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश, कारण आपण जवळ उभं राहिलो तरी पारा हलतो. नाना तर श्वास बाजूला सोडायला लावायचे.

किमानाचा थर्मामीटर शिकायला सगळ्यांना वेळ लागतो. त्यात पारा नसून अल्कोहोल असतं आणि त्यात बुडालेली एक छोटी काळी कांडी. तापमान उतरलं की अल्कोहोल त्या कांडीला मागे ओढतं, चढलं की तिला तिथेच सोडून पुढे निघून जातं. म्हणून कांडीचं फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं. वाचून झाल्यावर फुग्याची बाजू वर उचलून कांडी पुन्हा अल्कोहोलच्या टोकाशी आणायची आणि ते टोक ड्राय बल्बशी जुळतंय ना, ते बघायचं. या शेवटच्या बघण्याला सुरुवातीला मी फार महत्त्व देत नव्हते. त्याचं पुढे येतंच.

ढगांचं मोजमाप आठव्या भागांत. आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि किती झाकलेत ते लिहायचं. गंमत टोकांना आहे. सगळं आभाळ निळं आणि क्षितिजावर एक चिंधी दिसली तरी १ लिहायचा, शून्य नाही. सगळं झाकलेलं आणि एकच भोक दिसलं तर ७, आठ नाही. गडगडाटाचंही तसंच. गडगडाट कानाने ऐकू आला तरच तो दिवस 'मेघगर्जनेचा'. नुसती लांबवर वीज चमकली तर ती शेऱ्यात जाते, मोजणीत नाही.

हे सगळं खिशातल्या वहीत, म्हणजे पॉकेट रजिस्टरमध्ये, पेन्सिलीने जागेवरच लिहायचं. महिना संपला की या वहीवरून मासिक रजिस्टर. नानांनी मला एकच सक्ती केली होती : वहीतला आकडा खोडायचा नाही. चुकीचा वाटला तर त्यावर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, खालचा वाचता आला पाहिजे.

आता महिनाअखेर. पहिलं काम दुरुस्त्यांचं. प्रत्येक थर्मामीटरसोबत प्रमाणपत्र येतं, अमुक अंशाला अमुक दशांश कमी-जास्त. वाचलेला आकडा आणि दुरुस्त केलेला आकडा वेगळे लिहायचे. मग ड्राय आणि वेट बल्बच्या फरकावरून तक्ते उघडून दवबिंदू आणि आर्द्रता काढायची. आता संगणकावर होतं, पण मी दर महिन्याला थोड्या तारखा तक्त्यातून काढून बघते. हट्ट म्हणा हवं तर.

दुसरं काम मला मनापासून आवडतं. आकडे एकमेकांविरुद्ध साक्षीला उभे करायचे. त्या दिवसाचं कमाल हे दिवसभरात वाचलेल्या कुठल्याही ड्राय बल्बपेक्षा कमी असूच शकत नाही. किमान त्याहून जास्त असू शकत नाही. वेट बल्ब सहसा ड्राय बल्बच्या वर जात नाही; गेला तर त्याच्या मलमलीकडे बघायचं. मलमल आणि वात आठवड्याला बदलायची असते, उन्हाळ्यात धूळ जास्त असेल तर त्याआधीच, आणि पाणी डिस्टिल्ड. नळाचं पाणी घातलं की क्षार धरतात, मलमल कडक होते, पाणी नीट उडत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसू लागते. एप्रिलमधल्या दुपारी आमच्या माळावर आर्द्रता अचानक कोकणासारखी दिसली तर आधी वात तपासावी, मग हवामानबदलाबद्दल बोलावं.

एका हिवाळ्यात याच तपासणीत किमानाचा थर्मामीटर पकडला गेला. रोज कांडी जुळवल्यावरचा आकडा आणि ड्राय बल्ब यांच्यातला फरक मी वहीत लिहिलेला होता, पण रोज बघताना त्यात काहीच खुपत नव्हतं. महिन्याचे आकडे एकाखाली एक आल्यावर दिसलं की फरक हळूहळू वाढतोय, किमान खाली खाली सरकतंय. थर्मामीटर उन्हात धरून पाहिला. नळीच्या दुसऱ्या टोकाला अल्कोहोलचा बारीक थेंब जमला होता. अल्कोहोलची वाफ होऊन तिथे थंड झाली होती आणि मुख्य स्तंभ तेवढा आखूड झाला होता. गावात तेव्हा 'यंदा थंडी जोरात' अशी चर्चा होती आणि आमचा आकडा त्या चर्चेला छान जुळत होता! फुगा खाली धरून थेंब परत उतरवला, बदली थर्मामीटर मागवला, आणि त्या काळातले आकडे न बदलता, रोजच्या फरकासकट शेरा लिहून पाठवले. किती वजा करायचं ते ठरवणं माझं काम नाही.

सरासरी काढणं सोपं, असं वाटतं. तापमानाची सोपीच आहे. वाऱ्याच्या दिशेची निघत नाही. एक दिवस वारा ३५० अंशांवरून, दुसऱ्या दिवशी १० अंशांवरून, म्हणजे दोन्ही दिवस उत्तरेचाच; सरासरी काढली तर १८०, म्हणजे चक्क दक्षिण. म्हणून दिशांची नुसती मोजणी करायची, कुठून किती दिवस आणि वारा पडलेला किती दिवस.

आता सुटलेल्या वाचनाबद्दल. हे सगळ्यात नाजूक. अर्धवेळ निरीक्षकाच्या घरी लग्न असतं, आजारपण असतं, आणि बदली माणूस आयत्या वेळी येत नाही. मग महिनाअखेर त्या तारखेसमोर एक रिकामा चौकोन उरतो आणि तो आपल्याकडे बघत राहतो. आदल्या दिवशी ३४.२, नंतरच्या दिवशी ३४.६, मध्ये ३४.४ लिहिलं तर कोण बघतंय? कदाचित कुणीच नाही. पण जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनात रिकाम्या चौकोनांचा हिशेब आधीच केलेला आहे. महिन्यात अकरा किंवा जास्त दिवस सुटले, किंवा सलग पाच दिवस सुटले, तर त्या महिन्याची सरासरी धरायची नाही. त्यापेक्षा कमी सुटले तर उरलेल्यांवरून काढायची. म्हणजे एखादं तापमान सुटलं तर आकाश कोसळत नाही, त्यासाठी खोटं लिहायची गरजच नाही.

पावसाचं उलट आहे. पावसाची सरासरी नसते, बेरीज असते, आणि एक दिवस जरी बेपत्ता असला तरी बेरीज लंगडी. पण पर्जन्यमापक दयाळू आहे, तो पाणी धरून ठेवतो. सोमवारी वाचन झालं नाही तर मंगळवारी मोजलेलं पाणी दोन दिवसांचं असतं. ते सगळं मंगळवारवर टाकायचं नाही, अर्धं-अर्धं वाटायचंही नाही; दोन्ही तारखांना कंस घालून 'एकत्रित' असं लिहायचं. महिन्याची बेरीज शाबूत राहते. फक्त पावसाळी दिवसांच्या मोजणीत, म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाच्या दिवसांत, ती जागा संदिग्ध राहते, तर राहू द्यावी. आणि कोरड्या महिन्यातही रोज झाकण उघडून बघून मगच शून्य लिहायचं. रिकाम्या चौकोनाचा अर्थ 'पाऊस नाही' की 'कुणी गेलंच नाही', हे पुण्यात बसलेल्या माणसाला कसं कळणार?

रजिस्टर पुण्याला जातं. हवामान खात्याची स्थापना १८७५ची. मुख्यालय सिमल्याहून १९२८मध्ये पुण्याला आलं आणि पुढे दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. देशभरच्या नोंदी साठवण्याचं काम पुण्यातच राहिलं. निवडक केंद्रांच्या मासिक सरासऱ्या 'क्लायमॅट' नावाच्या सांकेतिक संदेशातून पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जगभर जातात. आमचं केंद्र त्या यादीत नाही. तरी आमचेही आकडे शेवटी तीस वर्षांच्या सरासरीत मिसळतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात. त्यातली बरीचशी वर्षं नानांची आहेत.

मग येतात शंका. पहिल्यांदा आली तेव्हा मी चांगलीच वैतागले होते. जूनमधल्या एका तारखेला आमच्याकडे शून्य आणि पश्चिमेच्या शेजारच्या केंद्रावर साठच्या वर मिलिमीटर. 'कृपया पडताळणी करावी.' नानांकडे गेले तर ते हसायला लागले. "अगं, आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्यांना विचारावंच लागतं. वही काढ." वहीत त्या संध्याकाळचं सगळं होतं : पश्चिमेला उभे वाढलेले क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी पावसाचे ढग, गडगडाट सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वारा, झाकण उघडून पाहिलेलं कोरडं भांडं. तेवढं उतरवून पाठवलं. शून्य मान्य झालं.

तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात मी हात आखडता घेत नाही. शेजारच्या दोन ठिकाणी एवढा फरक असतो का, असं कुणी विचारलं की मी २००५ सालची मुंबई सांगते. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. कुलाब्याचं भांडं कुणी पाहिलंच नाही, असं म्हणणं सोपं गेलं असतं.

त्याच पावसाचा आणखी एक उपयोग होतो, तारखेच्या भांडणात. सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असतो, पण लिहायचा मोजलेल्या तारखेला. लोकांच्या लक्षात २६ जुलै आहे, वेधशाळेच्या नोंदीत तो पाऊस २७ जुलैला आहे. महिन्याच्या मध्यात याने कुणाचं काही अडत नाही. महिनाअखेर मात्र अडतं. एका वर्षी ३० जूनच्या संध्याकाळी आमच्याकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. त्याआधीचा सगळा जून तसा उपाशीच होता. मी तो १ जुलैला मोजला आणि जुलैत लिहिला. दुपारी स्थानिक पेपरच्या वार्ताहराचा फोन.

"ताई, काल बाजारपेठेत गुडघाभर पाणी आणि तुमचा जून कोरडा?"

"जून कोरडाच. कालचा पाऊस जुलैचा."

"म्हणजे आकड्यात फेरफार?"

मी त्याला कुंपणापाशीच बोलावलं. वही दाखवली, साडेआठची वेळ दाखवली, ३० तारखेला सकाळी लिहिलेला शून्य दाखवला, तो शून्य कुठून कुठपर्यंतच्या चोवीस तासांचा ते सांगितलं. त्याने फोटो काढले. मग विचारलं, "पण शेतकऱ्याला काय सांगू? त्याची पेरणी तर कालच्या पाण्यावर होणार."

"त्याला तारीख आणि वेळ सांगा, महिना सांगू नका," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बातमीत दोन्ही आकडे वेळेसकट आले होते. मथळा मात्र त्याने आधीच ठरवला असावा : 'वेधशाळेचा जून कोरडाच!' उद्गारचिन्हासकट. ते कात्रण मी रजिस्टरच्या कार्यालयीन प्रतीला लावून ठेवलं. मूळ प्रत पुण्याला गेली, आणि त्या महिन्याबद्दल तिकडून एकही शंका आली नाही.