भेगेत गेला बॉल, आता काय?

नवतपा जवळ आला की नागपूरकडची काळी माती आकसते आणि गोल्फ कोर्सवर फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) बाहेर, जिथे पाणी पोचत नाही तिथे, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नियमाने किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा बॉल त्यात सहज गडप होतो. मग "जमीनच फाटली आहे, फुकट ड्रॉप घेऊ द्या ना", म्हणजे बॉल उचलून दंडाशिवाय दुसरीकडे टाकू द्या, हा ठरलेला वाद. तो चालत नाही. आपोआप पडलेली भेग म्हणजे कोर्सचाच भाग. कोर्सच्या कमिटीने ती जागा 'ग्राउंड अंडर रिपेअर' (दुरुस्तीखालची जमीन) जाहीर केली असेल तरच दंडाशिवाय ड्रॉप मिळतो. म्हणून उन्हाळ्यात पहिल्या टीवर (खेळ सुरू होतो त्या जागी) जाण्याआधी लोकल रूल्स, म्हणजे त्या कोर्सचे खास नियम, वाचून घ्या.

जाहीर केली नसेल तर आधी बॉल आपलाच आहे हे पटवावं लागतं. शोधायला तीन मिनिटं. २०१९ पूर्वी पाच होती. बॉलवर पेनाने खूण नसेल आणि आत दोन पांढरे बॉल दिसले तर झालीच पंचाईत. ओळख पटली नाही तर बॉल हरवला, म्हणजे एक स्ट्रोक (फटका) दंड आणि आधीच्या जागी परत. ओळख पटली तर 'अनप्लेएबल' (बॉल खेळण्याजोगा नाही असं सांगणं) घ्या. त्यातही दंड एकच स्ट्रोक, पण होलच्या जवळ न जाता दोन क्लब-लेंग्थमध्ये (गोल्फच्या दोन काठ्यांच्या अंतरात) गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करता येतो. लांबी पटर (बॉल होलकडे ढकलायचा क्लब) सोडून पिशवीतल्या सर्वांत लांब क्लबने मोजायची. ड्रॉप करण्याआधी त्या पट्ट्यातल्या बाकीच्या भेगा बघून ठेवा. बॉल पट्ट्यातच दुसऱ्या भेगेत थांबला तर पुन्हा ड्रॉप नाही, पुन्हा दंड मात्र आहे. दंड वाचवायला तिथूनच आयर्न (धातूच्या पातळ तोंडाचा क्लब) मारणारेही असतात. भेगेची कड विटेसारखी कडक असते, मनगट जातं.

भेगेऐवजी उंदीर-घुशीचं बीळ असेल तर मात्र हिशेब उलटा. प्राण्याने उकरलेलं बीळ असेल तर दंड नाही. अडथळा पूर्ण टळेल अशी सर्वांत जवळची जागा धरा आणि तिथून एका क्लब-लेंग्थमध्ये ड्रॉप. मुंग्या नि गांडुळांची भोकं यात येत नाहीत. बिळाच्या तोंडाशी उकरलेली माती पडलेली असते, तो पुरावा सोबत्याला आधी दाखवा.

जुलैत हीच माती लोण्यासारखी होते आणि बॉल रुततो. तिथे नियम उदार आहे: बंकर (वाळूचा खड्डा) आणि पेनल्टी एरिया (तळं, ओढा अशी आखलेली जागा) सोडून कुठेही, स्वतःच्या फटक्याने पडलेल्या खळग्यात बॉल असेल आणि त्याचा थोडा तरी भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर दंड नाही. बॉलच्या लगेच मागच्या बिंदूपासून एक क्लब-लेंग्थ, बॉल पुसूनही घ्यायचा. रुतलाय की नाही अशी शंका असेल तर जागेवर खूण करून उचला, पण पुसू नका. रुतलेला नव्हता आणि तुम्ही पुसला तर एक स्ट्रोक गेला.

नुसता चिखल चिकटलेला, न रुतलेला बॉल तसाच मारायचा, आणि तो चिखलाच्या उलट बाजूला वळतो. पावसाळ्यात कमिटी 'प्रिफर्ड लाय' (बॉल उचलून, पुसून जवळच ठेवायची सवलत) लावते तेव्हाच फेअरवेवर तो पुसता येतो.