ओलेड घड्याळ, नोंद ३ : मधले दोन इंट

ओलेडच्या छोट्या पडद्यावर घड्याळ दाखवणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहितोय. मागच्या नोंदीत ‘चौकट काढणारं फंक्शन झालं, आता फक्त आकडे बसवायचे’ असं लिहून मोकळा झालो होतो. ते वाक्य मागे घेतो.

हेडरमध्ये, म्हणजे फंक्शनांची ओळख करून देणाऱ्या फाइलीत, मी लिहिलं होतं चौकट, आणि कंसात पाच वेळा नुसतं इंट, म्हणजे पूर्णांक. नाव एकालाही नाही. सीची त्याला हरकत नसते. अशा ओळखीत, म्हणजे डिक्लेरेशनमध्ये, कंपायलरला (कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला) फक्त टाइप, म्हणजे किमतींचे प्रकार, लागतात. दोन महिन्यांनी फाइल उघडली, तर पहिले दोन एक्स-वाय आणि शेवटचा रंग एवढंच आठवलं. मधले दोन रुंदी-उंची असणार म्हणून पुढे गेलो. प्रत्यक्षात ते समोरच्या कोपऱ्याचे एक्स-वाय होते.

पहिली चाचणी पास झाली, हीच तर गोम. चौकट ०,० पासून होती. तिथे दोन्ही अर्थांनी चित्र सारखंच, फार तर एका पिक्सेलचा फरक. १०,१० पासून २० बाय २० ची काढली, तर निम्म्या मापाची डबी उमटली. दोष जोडणीचा समजून मी संध्याकाळभर पडद्याला जोडणाऱ्या आय-टू-सीच्या तारा हलवत बसलो!

आता हेडर आणि सी फाइल, दोन्हीकडे नावं आहेत आणि तीच आहेत. एकीकडे रुंदी-उंची, दुसरीकडे उंची-रुंदी लिहिलं तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या साधनात त्यासाठी तपासणी आहे. लावली, आणखी दोन फंक्शनं सापडली.

नावं दिली म्हणून कॉल करताना उलटापालट थांबते असं नाही म्हणा. पडद्याचं चित्र साठवणारा १२८ बाय ६४ चा १०२४ बाइटचा बफर पुसताना मेमसेटला (मेमरी एकाच किमतीने भरणारं फंक्शन; त्याला आधी किंमत, मग बाइटांची संख्या द्यायची) १०२४ आधी आणि ० नंतर दिलं. पुसले गेले शून्य बाइट. वॉर्निंग चालू असल्या तर जीसीसी हा कंपायलर हे पकडतो, पण मेमसेटपुरतंच. माझ्या चौकटीकडे कोण बघणार?

कंसातल्या एका पॅरामीटरला मॅक्रोचंच (कोडमध्ये आकड्याऐवजी वापरायचं टोपणनाव) नाव दिलं, तिथे ८ हा आकडा जाऊन बसला आणि कंपायलर भलतंच बरळला. जीलिबसी या सीच्या लायब्ररीच्या हेडरांत नावांआधी दोन अंडरस्कोर का असतात, ते तेव्हा उमगलं: आपल्या मॅक्रोंशी टक्कर नको म्हणून.

बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) कॉपी करणाऱ्या फंक्शनात दोन पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, आहेत. त्यांना रोमन लिपीत सरळ ‘कुठे’ आणि ‘कुठून’ अशी नावं दिलीत. मित्र हसतोय, हसू दे. शिवाय ‘कुठून’ला कॉन्स्ट लावलंय, म्हणजे तिथे चुकून काही लिहिलं तर कंपायलर अडवेल. पुढच्या खेपेला अंक.