ब्रेक डिस्कचा गंज: रंग कुठे द्यायचा, कुठे मुळीच नाही

ब्रेकची डिस्क बिडाची असते. गाडी धुऊन रात्रभर उभी केली की सकाळी तिच्यावर नारिंगी थर येतो. तो तसाच सोडा, पाच-दहा वेळा ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅडच तो खरवडून काढतात. त्रास देणारा गंज लागतो तो डिस्कच्या मधल्या उंच भागावर (त्याला टोपी म्हणू), बाहेरच्या कडेला आणि डिस्क दोन थाळ्यांची असेल तर त्यांच्यामधल्या हवेच्या खाचांत. खाचा गंजाने भरल्या की डिस्क लवकर थंड होत नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) आणि डिस्क जिथे टेकतात ती. तिथे गंजाचा एक पापुद्रा अडकला तरी डिस्क तिरकी बसते. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळासारखं मापक) लावून पाहा: बसवलेल्या डिस्कचा हेलकावा, म्हणजे फिरताना तिचं आत-बाहेर डुलणं, बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिमीच्या आसपासच चालतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. हेलकावा जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्यात पॅड त्याच जागी घासतो, तिथली जाडी कमी होते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. मग ‘डिस्क वाकली’ असं निदान होतं. वाकलेली नसतेच ती बहुतेक वेळा.

म्हणून हबचा चेहरा आधी वायर ब्रशने चकचकीत करा आणि तसाच कोरडा ठेवा. तिथे रंग नको. टोपीवर चाक टेकतं त्या भागावरही नको: रंगाचा थर दाबला जातो, नटांची पकड सैल पडते.

बाकी काम सोपं आहे. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने काढा. पॅड घासतो ते दोन्ही पृष्ठभाग, टेकण्याच्या जागा आणि मधलं भोक टेप लावून झाका. टोपीची बाजू व कडा १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा क्लीनर मारा. मग उष्णतारोधक सिलिकॉन रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. जाड हात दिला की ओघळतो आणि तापल्यावर पोपडे धरतो. असा रंग हवेत वाळला तरी पक्का होत नाही, त्याला डब्यावर लिहिलेल्या टप्प्यांनी तापवावंच लागतं. घाटउतारावर डिस्क ४०० अंशांच्या पुढे जाते. साधा स्प्रे किंवा पावडर कोटिंग तिथे टिकत नाही.

जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या लेपाच्या तयार डिस्क मिळतात, त्या घेतल्या तर ही खटपटच नको. पॅडखालचा लेप पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो, तो तसाच जायचा असतो. नायट्रोकार्बुरायझिंग केलेली डिस्क वेगळी. ५६० ते ५८० अंशांवर नायट्रोजन आणि कार्बन पृष्ठभागात मुरवलेले असतात, त्यामुळे घासणारा भागही गंजाला दाद देत नाही. पण थर १०-२० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग); लेथवर एकदा तासली की गेला.

इलेक्ट्रिक गाडीत हे संरक्षण जास्त मोलाचं, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, पॅड क्वचितच लागतात आणि गंज खोल खड्डे पाडतो. बऱ्याच मॉडेलमध्ये न्यूट्रलवर मोटरचा ब्रेक बंद होतो, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून तसे चार-पाच दमदार ब्रेक मारा.