एक जूनवाल्यांपैकी एक

महोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा मी पेन्शनच्या कागदांची फाईल बांधत बसलो होतो. लिहायचं तर सरांवरच. बाकीचं बाकीचे लिहितील. नाव देत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की गणिताचेच.

सरांचा दाराशेजारचा छोटा फळा आठवत असेल. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव, आणि सोबत त्याच तारखेला जन्मलेली मोठी माणसं. २३ जुलैवाल्याला लोकमान्य टिळक आणि चंद्रशेखर आझाद एकदम मिळाले, तर पठ्ठ्या आठवडाभर छाती काढून हिंडत होता. आमची पंचाईत निराळी. वर्गात आम्ही एकतीस जण १ जूनचे. पहिलीत नाव घालताना सहा वर्षं भरावीत म्हणून गुरुजींनी ठोकलेली तारीख. आणि १ जूनला शाळेला सुट्टी! सहावीत मी धीर करून कुरकुर केली, तर सर म्हणाले, "तुम्हाला नर्गिस आहे की. बरं, खरा कधी जन्मलास ते आईला विचारून ये."

आई भाकरी थापता थापताच म्हणाली, "भुई हादरली त्येच्या दुसऱ्या दिशी. घरात जायाची भ्या वाटायची, म्हनून परड्यात बाज टाकली हुती. तितंच झालास."

कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. पाटण तालुक्यात त्यासाठी पंचांग उघडावं लागत नाही.

१२ डिसेंबर १९७८ ला शाळेत गेलो तर फळ्यावर दोन ओळी तयार होत्या. मुल्कराज आनंद, १९०५. शरद पवार, १९४०. पवारसाहेब त्याच जुलैत मुख्यमंत्री झालेले. त्यांच्यात नि माझ्यात किती वर्षांचं अंतर, ही वजाबाकी सरांनी वर्गासमोर माझ्याकडून करून घेतली. मग खडू माझ्या हातात दिला. नाव नीट लिहिलं, पण १९६७ मधला सात एवढा वाढला की त्याचं शेपूट लाकडी चौकटीवर गेलं. सरांनी तो पुसू दिला नाही.

आता फळ्यावर कोण लिहितं? चौकात फ्लेक्स लागतात. असो.

सरकारी खात्यात मी वरच्या पदापर्यंत पोचलो, पण तारीख दाखल्यातलीच चालली. जन्म एक तारखेचा असला की आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी बसवतात. ३१ मे २०२५ ला ऑफिसात आम्ही सहा जण नारळ घेऊन एका रांगेत उभे होतो, सगळे १ जूनचे. खऱ्या तारखेवर डिसेंबरअखेरपर्यंत राहिलो असतो. सात महिन्यांचा पगार गेला, हे बायको अजून ऐकवते.

शाळा सुटल्यावरही १२ डिसेंबरच्या सुमारास सरांचं पोस्टकार्ड यायचं. १९९५ चं: "गोपीनाथ मुंडे, १९४९. उपमुख्यमंत्री झाले, यादीत घे." मध्ये एकदा बंगळूरचे शिवाजीराव गायकवाड, १९५०, आले. म्हणजे रजनीकांत, हे मला शेजाऱ्याकडून कळलं. शेवटचं कार्ड २००७ चं, अक्षर थरथरतं: "युवराज सिंग, १९८१. डर्बनचे सहा षटकार पाहिलेस ना? तुझा सात आता तरी चौकटीत बसतो का?"