चिपळूणचे भिजलेले फोटो आणि डोंबिवलीच्या कपाटातला प्रिंटर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या घरात शिरलं तेव्हा आई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होती म्हणून वाचली, पण खालच्या कपाटातले सगळे अल्बम दोन दिवस चिखलात होते. दादाने नंतर बादलीत स्वच्छ पाणी घेऊन एकेक फोटो हळूहळू सोडवला, सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी ते वाळत घातले. सगळ्यात वाईट हाल त्या चिकट पानांच्या अल्बमचे झाले, वरून प्लॅस्टिक ओढायचं ते, लग्नात भेट म्हणून मिळायचे बघा. त्यातले रंगीत फोटो प्लॅस्टिकलाच चिकटले आणि कडेकडून रंग वाहून गेला. त्यामानाने जुने कृष्णधवल बरेच टिकले. अप्पांच्या अॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावरचे, १२० ची फिल्म, एका रोलला १२ चौकोनी फोटो, ते तर वाळल्यावर थोडे वाकडे झाले एवढंच.

वाचले ते साधारण साडेतीनशे. ते सगळे मी खिडकीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, वरून सरळ फोन धरून परत काढून ठेवले, फारच छोटे होते ते ओळखीच्यांकडे स्कॅनरवर ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले आणि मग ड्राइव्हवर टाकून झाले, संपलं, असं मला वाटत होतं. पण आई दर फोनला विचारायची, "अगं ते फोटो तुझ्याकडेच ना? माझ्या हातात कधी देणारेस?" तिला फोनवर बघायचेच नाहीत. तिला फोटो हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून, अगदी नाकाजवळ नेऊन बघायचा असतो.

पहिले चाळीसेक फोटो मी स्टुडिओत दिले. चांगल्या, नव्या फोटोंसाठी स्टुडिओच बरा आणि स्वस्तही, हे मी आजही सांगते. पण भिजलेल्या फोटोंना मशीनचं आपोआप होणारं रंग-सुधारणं झेपत नाही, त्याला पिवळा डाग दिसला की ते सगळा फोटोच निळा करतं, आणि वर क्रॉप. आजोबांची टोपी अर्धी कापून आली. एकेक फोटो थांबून, बघून, परत करून काढायला हवा होता, म्हणजे प्रिंटर घरातच हवा.

आणि घर ४१० चौरस फूट. माणसं चार. सासूबाईंचा नियम आहे की घरात एक वस्तू आली की एक बाहेर जाणार, आणि तो नियम बरोबर आहे, त्यामुळेच आमच्या घरात चालता येतं.

आधी अर्थातच इंकटँक बघितला, म्हणजे टाक्यांत शाई भरायचा इंकजेट प्रिंटर. फोटोसाठी साध्या चार रंगांच्यापेक्षा सहा रंगांचा घ्यावा, म्हणजे नेहमीच्या काळा-निळा-गुलाबी-पिवळ्याबरोबर फिकट निळा आणि फिकट गुलाबी, कारण माणसाच्या कातडीचा रंग आणि आभाळ यांच्यात चार रंगांनी ठिपके दिसतात. एप्सनचा एल८०५० तसा आहे, ए४ पर्यंत छापतो, फोटोमागे शाई अगदी स्वस्त पडते. ज्यांना मोठे फोटो काढायचेत, दर आठवड्याला काहीतरी छापायचंय आणि ज्यांच्याकडे कायमची एक जागा आहे त्यांनी डोळे मिटून त्या वाटेने जावं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. हा प्रिंटर साधारण ४० सेंटिमीटर रुंद, मागून कागद उभा राहतो म्हणून वर मोकळी जागा हवी, पुढे ट्रे उघडतो म्हणून पुढे हवी, आणि टाक्यांत शाई असल्यामुळे तो उचलून तिरका करून कपाटात सरकवणं शक्य नाही, जिथे ठेवला तिथेच सपाट राहिला पाहिजे.

दुसरं म्हणजे वाळणं. आमच्या मजल्यावर एकांकडे इंकजेट आहे (कुठला ते सांगत नाही, सगळ्यांचंच असं होतं), मे महिन्यात ते गावाला गेले आणि आल्यावर नॉझल, म्हणजे हेडवरची शाईची बारीक छिद्रं, बंद. मग हेड क्लीनिंग, परत हेड क्लीनिंग, आणि प्रत्येक वेळी शाई वाया. त्यांचा तर प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय होती, आपल्याकडे सगळेच तसं करतात. पण इंकजेट आधी त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा लागतो, तेव्हा हेड बाजूला जाऊन झाकलं जातं, मधेच करंट काढला तर ते उघडंच राहतं आणि वाळतं. ज्यांच्याकडे इंकजेट आहे त्यांनी एवढं एक तरी आजपासून करा.

छोटे खिशातले प्रिंटरही बघितले. झिंकवाले (यांचा रंग कागदातच असतो) २ बाय ३ इंची फोटो देतात, आणि इन्स्टॅक्स मिनीच्या झटपट फोटोच्या फिल्मवर चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटरचं येतं. मुलांच्या वाढदिवसाला मस्त आहेत. पण आमच्याकडे मुंजीचे, ओटीवर बसलेल्या तीस माणसांचे फोटो, त्यात एकेकाचा चेहरा तांदळाएवढा झाला असता.

शेवटी घेतला तो कॅननचा सेल्फी सीपी१५०० (फोनवरचा सेल्फी नव्हे, प्रिंटरचं नावच ते). हा डाय-सब्लिमेशन, म्हणजे यात द्रव शाईच नाही. कॅसेटच्या टेपसारखी एक रिबन असते, तिच्यावर रंगाचे पट्टे, हेड गरम होतं आणि रंग वाफ होऊन कागदात उतरतो. आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा, आणि चौथ्या फेरीत वर एक पारदर्शक थर. एका फोटोला पाऊण मिनिट पण लागत नाही. पहिल्यांदा बघताना माझा मुलगा आणि सासूबाई दोघं खाली वाकून बसले होते, पिवळी आजी बाहेर आली, आत गेली, केशरी होऊन बाहेर आली, आणि चौथ्यांदा खरी आजी.

तो चौथा थर हेच माझं खरं कारण. या थरामुळे फोटोवर पाण्याचे थेंब पडले तर फडक्याने टिपता येतात. ज्या घराने अल्बम चिखलातून काढलेत त्या घरासाठी बाकी सगळे हिशोब यानंतर येतात. (पुरात टिकेल असं मी म्हणत नाहीये, पण दमट हवा, ओले हात, गळकी खिडकी यांना पुरतं.) शिवाय वाळण्यासारखं काही नाही, म्हणजे दोन महिने नाही छापलं तरी तक्रार नाही.

आता जागेचं. डबा एवढासा आहे, १८ सेंटिमीटर रुंद, १३ खोल, ६ पेक्षा कमी उंच, वजन किलोच्या आत. हे आकडे वाचून मी आधी टीव्हीशेजारच्या फळीवर जागा ठरवली होती आणि ती साफ चुकली. कारण कागदाचा ट्रे पुढे लागतो आणि तो डब्याच्या बाहेर राहतो, आणि छापताना कागद चार वेळा मागच्या बाजूने बाहेर येतो. मागे भिंत असेल तर कागद अडतो. मी टेप घेऊन पुढचा ट्रे, मधला डबा आणि मागे कागदाला लागणारी सहा इंच असं सगळं मोजलं तर दीड फुटाच्या आसपास गेलं, म्हणजे पुढून मागेपर्यंतच्या जागेत मोठ्या इंकटँकपेक्षा कमी नाहीच! म्हणून लहान घरात प्रिंटर घेताना डबा केवढा ते विचारू नका, कागद कुठून शिरतो आणि कुठून निघतो त्याची वाट मोजा. दुकानात ती दिसत नाही, तिथे प्रिंटर नुसता बंद ठेवलेला असतो.

पण फरक असा की हा सगळा दीड फूट फक्त छापतानाच लागतो. त्यामुळे आमच्याकडे हा प्रिंटर मिक्सरसारखा आहे, काम असलं की बाहेर, झालं की ट्रे काढायचा, वायर गुंडाळायची आणि गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात. रविवारी दुपारी जेवणं झाली की जेवायचं टेबल पुसून त्यावर मधोमध मांडते, भिंतीपासून लांब. ओट्यावर कधीच नाही, फोडणीची वाफ आणि तेल हवेत असतं.

लावायला काही फार नाही. रिबन बाजूने आत, कागद ट्रेमध्ये चकचकीत बाजू वर करून आणि एका वेळी १८ च्या वर नाही, बोटं फक्त कडांना. घरच्या वायफायला तो जोडलाच जात नव्हता तेव्हा कळलं की याला २.४ गिगाहर्ट्झच लागतं आणि माझा फोन ५ वर होता, राउटरची दोन नावं वेगळी केली आणि झालं. चिपळूणला वायफाय नाही तिथे फोन थेट प्रिंटरलाच जोडते, तेही चालतं. वायफाय नकोच असेल त्यांना पेन ड्राइव्ह लावता येतो.

धुळीचं मात्र मनावर घ्या. पहिल्या आठवड्यात दोन फोटोंवर एक बारीक पांढरी रेघ आली, अगदी आत्याच्या गालावरून. कागदावर धुळीचा कण बसला की तिथे रंग उतरतच नाही. आता छापताना पंखा बंद, रिबन हातात घेऊन ढिली झाली असेल तर फिरवून ताणते, आणि उरलेले कागद ट्रेमध्ये न ठेवता परत पाकिटात. पावसाळ्यात ते पाकीट झिपलॉकमध्ये आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातून निघतात त्या मी साठवून ठेवते. सपाट ठेवायचं पण, कागदाला बाक आला की अडकतो.

खर्च सोपा आहे कारण रिबन आणि कागद एकाच पाकिटात येतात, आरपी-१०८ नावाच्या पाकिटात १०८ कागद आणि ५४-५४ च्या दोन रिबनी, पाकिटाच्या किमतीला १०८ ने भागलं की फोटोची किंमत. स्टुडिओपेक्षा महाग पडतो. आणि पांढरा कागद असो की काळी रात्र, रिबन तेवढीच जाते, त्यामुळे चुकलेला फोटो पूर्ण किमतीला चुकतो. म्हणून मी एका कागदावर त्याच फोटोचे चार तुकडे लावते, एक आहे तसा, एक उजळ, एक अजून उजळ, एक पिवळा कमी केलेला, आणि सकाळच्या उजेडात बघून ठरवते. जवळजवळ नेहमी उजळच निवडावा लागतो, कारण फोनचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो आणि कागद फेकत नाही. छापायच्या आधी फोनचा ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, निम्मी निराशा तिथेच वाचेल. व्हॉट्सअॅपवरून नातेवाइकांचे फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ते लहान करून येतात.

क्रॉपचंही स्टुडिओसारखंच, पण इथे निदान आपल्या हातात असतं. कागद १०० बाय १४८ मिलिमीटर, आणि फोनचा फोटो चारास तीन या प्रमाणात, म्हणजे कडेपर्यंत छापलं तर साधारण दहावा हिस्सा कापला जातो. मी अप्पांचे चौकोनी फोटो पांढरी कड ठेवूनच छापते. कोणाचीही टोपी परत जाणार नाही. कृष्णधवल फोटो तीन रंगांतून तयार होतात म्हणून माझ्या डोळ्याला ते किंचित हिरवट वाटायचे, आता मीच आधी हलकासा तपकिरी रंग देते, मूळ फोटोही तसेच झाले होते.

वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची उलटी प्रत राहते, उजेडात धरली तर चेहरा ओळखू येतो. कोणाची कागदपत्रं, पासपोर्ट साइज वगैरे छापले असतील तर ती कापून मगच टाका.

गणपतीला आम्ही दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीने गेलो तेव्हा प्रिंटर मुलाच्या दप्तरात होता, कपड्यांत गुंडाळून. ओटीवर स्टुलावर मांडला. आई एकेक फोटो हातात घेऊन कोण कोण ते सांगत होती आणि मी मागे लिहीत होते, "नानांची मुंज", "विहिरीवर, माई आणि कुसुममावशी", "हा कोण ते दादाला विचार". तीन फोटो तिला इतके आवडले की मामीसाठी आणि दोन्ही मावश्यांसाठी तिथल्या तिथे परत काढले. सलग काढत राहिलं की प्रिंटर गरम होऊन मधे थोडा थांबतो, तेवढ्यात चहा झाला.

आतापर्यंत १६० झालेत, तिसरं पाकीट आणायचंय. चिकट पानांचा अल्बम आईने मला घेऊच दिला नाही. खिशांचा साधा अल्बम घेतलाय, तो स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा दादाच्या खोलीत, वरच्या मजल्यावर, माळ्यावर.