फ्रेंच शिपायाचा मावळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येताना दोन एम-सील आणली. आईला वाटलं, एकदाचा गळका नळ दुरुस्त होणार. नळ अजून गळतोय.

मला १६८३ची फोंड्याची लढाई (संभाजी महाराज विरुद्ध पोर्तुगीज) खेळण्यातल्या शिपायांनी मांडायचीय. पण १:७२ मापाचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे, मावळे आणायचे कुठून? म्हणून नेपोलियनचे प्लास्टिकचे फ्रेंच शिपाई कापायला घेतले. उंची जेमतेम अडीच सेंटीमीटर. उंच टोपी ब्लेडने उडवायची, एम-सीलची शेवईसारखी बारीक वळी करायची, पीळ द्यायचा आणि ओल्या बोटाने डोक्याभोवती गुंडाळायची. झाली पगडी! बंदूकवाला हात उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून वाकवायचा आणि लगेच गार पाण्यात, नाहीतर पठ्ठ्या परत सरळ होतो. (चहाच्या आधणात बुडवू नये. घरात अबोला होतो.)

तलवारीने मात्र रडवलं. हे मऊ पॉलिथिन, त्यावर सुपरग्लू टिकतच नाही. शेवटी तांब्याची तार तापवून मुठीत खुपसली.

रंगाआधी फेव्हिकॉलचा पातळ हात दिलाय, म्हणजे पोपडे निघणार नाहीत. पण आषाढातली ही हवा! कालपासून अकरा मावळे फ्रीजमागे वाळताहेत, अजून चिकटच.