सभामंडपाच्या फलकावर माझं नाव का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न दोन आहेत आणि ते नेहमी जोडीनंच येतात. गावाची एवढी ओढ आहे म्हणता, मग देवळाच्या सभामंडपाला एक रुपयाही का दिला नाहीत? आणि पैसा द्यायचा नाही, तर टोरांटोत बसून गावाशी संबंध ठेवता म्हणजे नक्की काय करता? फोनवर, लग्नात, गावच्या मुंबई मंडळातल्या माणसांकडून, सगळीकडून हेच. दर वेळी मी अर्धं उत्तर देतो, कारण पूर्ण ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. आज पूर्ण देतो.

मी आता भारताचा नागरिक नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हाच भारताचं संपलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वाची सोय नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर व्हिसाशिवाय येता येतं, हवं तितकं राहता येतं, बापजाद्यांची जमीन वारसानं नावावर चढते. शेतजमीन विकत घेता येत नाही, मत देता येत नाही, म्हणजे ग्रामसभेतही मी कुणी नाही. आणि २०१० च्या एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांवरच्या कायद्याप्रमाणे मी ‘विदेशी स्रोत’ आहे. माणूस कुठल्या वाडीतला, त्याच्या आजोबांनी पालखी किती वर्षं खांद्यावर घेतली, हे तो कायदा विचारत नाही. पासपोर्ट कुठला, एवढंच विचारतो. रत्नागिरीच्या बँकेतल्या माझ्या खात्यातून मी रुपयांत चेक दिला, तरी ती विदेशी देणगीच. पैशांऐवजी पंखे दिले तरी तेच.

अशी देणगी घ्यायची तर घेणाऱ्या संस्थेकडे केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आपलं देवस्थान धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, हे तुम्ही मला ठासून सांगता. ते वेगळं खातं आणि वेगळी नोंदणी. एकीनं दुसरीचं काम होत नाही.

मग दुबईवाल्यांनी कसे दिले? कारण त्यांचा पासपोर्ट भारताचा आहे. आखाती देशांत वीस-वीस वर्षं काढली तरी आपल्या माणसांना तिकडचं नागरिकत्व मिळत नाही, ते भारतीयच राहतात. भारतीय नागरिकानं स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगीत धरत नाहीत. त्यांच्या पावतीच्या फाईलला पासपोर्टची झेरॉक्स लावून ठेवा, म्हणजे उद्या हिशेब तपासनिसाला उत्तर देता येईल. त्यांची नावं फलकावर आहेत, ती योग्यच आहेत. माझी त्यांच्याशी तुलना करता तेव्हा मात्र तुम्ही दोन वेगळे कागद शेजारी ठेवून एकच अक्षर वाचायला सांगता.

आता त्या बैठकीबद्दल. तिच्यावरून अजून बोललं जातं म्हणून सविस्तर सांगतो.

स्लॅबचा खर्च अंदाजापेक्षा वर गेला होता. घरटी वर्गणी आधीच वाढवून झाली होती, आणि उरलेली रक्कम बाहेरगावच्यांनी उचलावी असं ठरलं. देवळातून मला फोन लागला, स्पीकरवर. मी वरचं सगळं सांगितलं. त्यावर तीन तोडगे आले. पहिला: चुलतभावाच्या खात्यावर टाका, तो त्याच्या नावानं देईल. जवळच्या नातेवाइकाला घरखर्चासाठी पैसे पाठवायला हा कायदा आडवा येत नाही, हे खरं. आईवडील, नवरा-बायको, मुलं, सख्खे भाऊबहीण त्यात बसतात. कायद्याच्या यादीत चुलतभाऊ नाही. आपल्याकडे चुलत म्हणजे सख्खाच, पण ते आपल्याकडे. आणि सख्ख्या भावाच्या खात्यावर टाकले असते तरी पैसे मंडपासाठीच आहेत हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक, मग पावतीवर त्याचं नाव घालणं म्हणजे खोटी पावती. दुसरा तोडगा: गुप्तदान म्हणून पेटीत टाका. नाव दिसत नाही म्हणून देणारा बदलत नाही. तिसरा: ट्रस्टला नको, गावकीला रोख द्या, गावकीची कुठे नोंदणी आहे? हा तोडगा सगळ्यांना पटला होता, आणि तोच सगळ्यांत कच्चा. नोंदणी नसलेला माणसांचा समूहही या कायद्यात येतो. उलट तिथं कागदच नसतो, म्हणून प्रश्न आला की ज्याच्या हातात रोकड, तो एकटा सापडतो.

मी तिन्हींना नाही म्हणालो. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गावकीतल्या एका जुन्या माणसानं विचारलं, “चाकरमानी वर्गणी देतो म्हणून त्याचं घर गावात धरतात. मग तुझं घर धरायचं की नाही, एवढं सांग.”

हे मला लागलं. अजून लागतं. कारण त्या माणसाचं चूक नव्हतं. आपल्या गावात हिशेब घरावर चालतो. घर बंद असलं तरी वर्गणी येते, म्हणून शिमग्याला पालखी त्या दारात थांबते. वर्गणी हा पैसा नाही, ती हजेरी आहे. आणि माझी हजेरी लावायची पद्धतच कायद्यानं बंद केली आहे. हे मी त्या दिवशी स्पीकरवर नीट सांगू शकलो नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “पैसा आला की कायदे सुचतात.” त्यालाही मी उत्तर दिलं नाही.

आज देतो. कायदा मोडला तर मला टोरांटोत कुणी शोधत येणार नाही. दंड आणि कैदेपर्यंतची तरतूद आहे, आणि नोटीस येणार ती विश्वस्तांना. आपले खजिनदार दुकान सांभाळून रात्री वही लिहितात. माझं नाव फलकावर यावं म्हणून मी त्यांची मान अडकवायची?

तुमच्यापैकी एकानं म्हटलं, परवानगी काढू. काढता येते. नोंदणी मिळणं अवघड: संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. पूर्वपरवानगीचा मार्ग मात्र आहे. ती ठरावीक दात्याकडून, ठरावीक रकमेसाठी, ठरावीक कामासाठी मिळते. त्याला लागतं ते असं: नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद, सर्व पदाधिकाऱ्यांचे आधार, कामाचा आराखडा, आणि रक्कम व कारण लिहिलेलं माझं हमीपत्र. पैसा थेट गावच्या बँकेत येत नाही. स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत वेगळं खातं उघडून तिथंच घ्यावा लागतो. खातं उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, पण अर्जात विश्वस्तांच्या नावातलं एक अक्षर आधारशी जुळलं नाही तरी गाडी अडते. नंतर दर वर्षी हिशेबाचं विवरणपत्र, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत. हे सगळं एका मंडपासाठी करायचं का, ते विश्वस्तांनी ठरवायचं. मी आग्रह धरला नाही. त्यात त्यांची काळजी होती तशी माझी सोयही होती, हे नाकारत नाही.

नागरिकत्व घेताना मी स्वतःला सांगितलं होतं की पासपोर्ट हा प्रवासाचा कागद, गावाचं नातं त्याच्या बाहेर असतं. तेव्हाच्या त्या माणसाशी माझा वाद अजून मिटलेला नाही. कधी वाटतं त्याचं बरोबर होतं, नातं बाहेरच असतं. मग फलक डोळ्यांसमोर येतो.

आता दुसरा प्रश्न, मी करतो काय. रविवारी सकाळी साडेसातला तुमच्याकडे फोन येतो, तेव्हा इथे शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च घड्याळ मागे जातं म्हणून नऊ. म्हाताऱ्यांना मेसेज नाही, फोनच. मयताचं कळलं तर त्याच दिवशी, दहाव्याची वाट न बघता. घरपट्टी वेळेवर भरतो. पंचायतीला आलेला वित्त आयोगाचा पैसा कुठल्या कामावर गेला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं. ते बघून वाडीतल्या मतदारांना कळवतो, ग्रामसभेत विचारायचं त्यांनी.

पण माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो तो अकरावीतल्या मुलांच्या कागदांवर. इंजिनिअरिंग, फार्मसीला राखीव जागेतून जायचं तर जातपडताळणी, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेणं, लागते, आणि आपल्याकडे ती आठवते बारावीचा निकाल लागल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे बहुतेक घरांत आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला. तो घरात नसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यातल्या नोंदीचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानं मिळतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्या शोधायच्या. नेहमी अडतं ते इथे: जुन्या नोंदीत आडनाव नसतं, फक्त नाव आणि बापाचं नाव. मग वंशावळीचं शपथपत्र काटेकोर जुळवावं लागतं, कारण एका कागदावर ‘गोविंद’ आणि दुसऱ्यावर ‘गोविंदा’ असलं तरी समिती त्रुटी काढते. उतारे मुलं फोटो काढून पाठवतात, मी रात्री एकेक नाव ताडून बघतो. नॉन-क्रीमी लेयरच्या, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या, प्रमाणपत्राची तारीखही बघतो. प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असलं पाहिजे, जुनं असेल तर आत्ताच नवं काढायला लावतो.

याला वर्गणी म्हणायचं की नाही, मला माहीत नाही. गावकीनं अजून काही ठरवलेलं नाही, मीही आग्रह धरणार नाही. पूर्वपरवानगीचा अर्ज करायचा असं विश्वस्तांनी ठरवलं तर माझं हमीपत्र आठवड्यात मिळेल. न ठरवलं तरी अकरावीत गेलेल्या मुलांची नावं गणपतीच्या आत पाठवा. आडनाव, आजोबांचं पूर्ण नाव, आणि ते कुठल्या शाळेत होते, एवढं पुरेल.